सुधींद्र मास्तरांचे दोन राखणदार

धारवाडच्या मळमड्डीतल्या सुधींद्र गलगली मास्तरांना आयुष्यात कधी कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. भाजीवालीपासून भटजींपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि जो तो आपापल्या परीनं त्याचा उपयोग करून घेई. वाईट हेतूनं नव्हे. माणूस 'हो' म्हणतो म्हटल्यावर लोक विचारतातच.

त्यांच्या घरी दोन गवळी दूध घालत. जुना कितीतरी वर्षांचा. नवा मागच्या गल्लीत म्हशी बांधून राहायला आला आणि एका सकाळी चरवी घेऊन दारात उभा राहिला. जुन्याला बंद करणं मास्तरांच्या जिवावर आलं आणि नव्याला परत पाठवायला तोंड उघडेना. घरात माणसं दोन आणि दूध चार माणसांचं. जयलक्ष्मीबाई उरलेलं दूध आटवत बसायच्या. शेजारीण विचारायची, "आज काय विशेष, खवा करताय?" तर त्या म्हणायच्या, "विशेष काही नाही, आमच्याकडं रोजचाच हा, यांच्या भिडेचा खवा."

शाळेतही तसंच. भूगोल शिकवायचे, पण कुठल्याही शिक्षकाला रजा हवी असली की त्याचा तास मास्तरांच्या गळ्यात. निवृत्त होताना हेडमास्तर भाषणात म्हणाले की गलगली सरांनी शाळेत सगळे विषय शिकवले. लोक हसले, मास्तरही हसले. जयलक्ष्मीबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

त्यांचं माहेर हुबळीचं. बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान, घराणं मूळ सांगलीकडचं. दुकानात कन्नड, घरात मराठी, आणि आईच्या ओठांवर दोन्ही. आईकडून त्यांना गाणी मिळाली होती. शुक्रवारी देवीपुढं म्हणायची, डोहाळजेवणाची, बारशाची, तुळशीच्या लग्नाची. एका गाण्यात तुळस मराठीत रुसायची आणि कृष्ण तिची समजूत कन्नडमध्ये काढायचा. कुठं छापलेली नव्हती ती. आईच्या आईनं म्हटली, आईनं म्हटली, जयलक्ष्मीबाईंनी म्हटली. मळमड्डीत कुणाकडं बारसं असलं की आधी त्यांना बोलावणं यायचं, मग सोनाराकडं जायचं. आवाज काही गायिकेचा नव्हता, पण ऐकणाऱ्या बाईचा पाळण्यावरचा हात आपोआप त्या चालीवर हलायला लागायचा.

मास्तर बाहेरच्या खोलीत वह्या तपासत बसलेले असत. बायकांची गाणी ती, पुरुषमाणसानं आत जाऊन बसायची पद्धत नव्हती. दाराआडून ऐकू यायचं तेवढं ऐकायचे. शुक्रवारी संध्याकाळी आतून सूर सुरू झाला की लेखणी खाली ठेवायचे. हे मात्र त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही कधी.

निवृत्तीनंतर घरात कॉम्प्युटर आला. तो आणला मयूरनं. मयूर म्हणजे मास्तरांच्या बहिणीचा मुलगा, हुबळीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. मेधा, मास्तरांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन पुण्याला गेली होती, तिची पत्रं आता ईमेलनं यायची होती. मयूरनं यंत्र मांडलं, वायरी जोडल्या आणि समजावून सांगितलं, "मामा, हे बघा, आतल्या डिस्कचे मी दोन भाग केलेत. सी म्हणजे मशीनचं घर. डी म्हणजे तुमचं घर. सीला हात लावायचा नाही, तुमचं जे काय ते डीमध्ये." मास्तरांनी मान हलवली. भूगोलाचे मास्तर, त्यांना नकाशासारखी ही वाटणी लगेच पटली.

वापरायला शिकवलं मात्र श्रीहरीनं. श्रीहरी त्यांचा जुना विद्यार्थी, स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. संध्याकाळी घरी जाताना वाकडी वाट करून मास्तरांकडं डोकवायचा. मयूरचं आणि त्याचं वैर वगैरे काही नव्हतं, पण दोघांना एकमेकांचं फारसं कौतुकही नव्हतं.

"हुबळीची माणसं विकायला हुशार, सर," श्रीहरी म्हणायचा.

"आणि धारवाडची सांगायला," मयूर म्हणायचा. "क्लास काढतात आणि मशीन बिघडलं की आमच्याकडं पाठवतात."

मास्तर दोघांचंही ऐकून "हौदरी, हौदरी," म्हणायचे. म्हणजे दोघांचंही खरंच.

पुढच्या हिवाळ्यात जयलक्ष्मीबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर चांगला होता, त्यानं काही लपवलं नाही. गाठ साधी आहे म्हणाला, पण काढावी लागेल, आणि आवाजाची शीर तिला चिकटूनच जाते. "बोलणं राहील बाई. गाण्याचं मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर जयलक्ष्मीबाईंनी देवापुढं निरांजन लावलं, पाणी प्यायल्या आणि मग मास्तरांना म्हणाल्या, "तुमच्या त्या डब्यात माझी गाणी भरून ठेवता येतील का हो?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याकडं मागितलेल्या गोष्टी हाताच्या बोटांवर मोजाव्यात. मास्तर तसेच चप्पल घालून श्रीहरीकडं गेले.

श्रीहरीनं माइक आणला, आवाज भरून घ्यायचं एक सॉफ्टवेअर घातलं आणि पडद्यावर, अगदी समोर, एक पिवळं पाकीट करून दिलं. त्याच्यावर इंग्रजीत 'जया' असं नाव घातलं. "सर, प्रत्येक गाणं झालं की यात टाका. समोरच राहील, शोधायला नको."

दुपारी गल्ली निजलेली असताना रेकॉर्डिंग व्हायचं. खिडक्या लावायच्या, पंखा बंद. पहिल्या दिवशी जयलक्ष्मीबाई माइक हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

"म्हण की," मास्तर म्हणाले.

"कुणापुढं म्हणू? ही देवीची गाणी. नुसत्या भिंतीपुढं कशी म्हणायची?"

मग त्यांनी आतून लक्ष्मीची छोटी पितळी मूर्ती आणली, कीबोर्डच्या शेजारी पाट ठेवून त्यावर बसवली, हळदकुंकू वाहिलं. आणि गायल्या. मास्तर शेजारीच खुर्चीवर बसलेले, माउस धरून. सगळ्या संसारात ही गाणी दाराआडून नव्हे तर समोर बसून त्यांनी पहिल्यांदा ऐकली ती तेव्हा. गाणं संपलं तरी बटण दाबायचं भान राहायचं नाही. त्या खुणेनं दाखवायच्या, बंद करा की.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, गाठ निर्मळ निघाली. देवाची कृपाच म्हणायची, आणि जयलक्ष्मीबाईंनी ती म्हटलीही. बोलणं राहिलं. पण आवाज असा झाला की दारावरची कडी घासावी. चार शब्द बोलल्या की दम लागायचा. गाण्याचा एक सूर लावून बघितला त्यांनी, स्वयंपाकघरात, कुणी नाही असं बघून. मास्तरांनी तो ऐकला. त्यानंतर पुन्हा त्यांनी तो प्रयत्न केला नाही.

मास्तर म्हणाले, "लावू का गाणी? ऐकतेस?"

"एवढ्यात नको. मलाच सोसायचं नाही. नवरात्रात लावू देवीपुढं. तिच्यापुढं बसून ऐकलं की मला धीर येईल. आणि मेधासाठी एक सीडी करून ठेवा, पुढं तिच्या बाळाच्या बारशाला लागेल."

सीडीचं असं झालं. श्रीहरी म्हणाला, "सर, सीडी मी करून देतो. क्लासमधला राइटर रविवारी घरी घेऊन येतो." तो रविवार काही उजाडेना. आज बॅच आहे, उद्या परीक्षा. इकडं मयूर म्हणाला, "मामा, डबा हुबळीला घेऊन या, चहा पिईपर्यंत करून देतो." पण श्रीहरीनं करतो म्हटल्यावर मयूरकडं कसं न्यायचं? त्याला काय वाटेल? मास्तर थांबले. घाई काय आहे, समोरच तर आहे पिवळं पाकीट. रोज सकाळी यंत्र चालू केलं की दिसायचं.

आणि उन्हाळ्यात रोग आला. माणसांना नव्हे, यंत्रांना. इंटरनेटला जोडलं की पडद्यावर एक चौकट यायची, कॉम्प्युटर एका मिनिटात बंद होणार म्हणून. आकडे उलटे पळायचे आणि खरंच बंद. मेधाचं पत्र अर्धं वाचून व्हायचं आणि पडदा काळा.

मास्तरांनी मयूरला फोन केला. तो त्याच दिवशी आला.

"मामा, अँटिव्हायरस नाही तुमच्यात? आणि फायरवॉल? मीच मूर्ख, विकताना घालायला हवं होतं."

"हे काय असतं रे?" जयलक्ष्मीबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं. त्या पोह्यांच्या बशा घेऊन आल्या होत्या.

"मामी, अँटिव्हायरस म्हणजे घरात शिरलेला चोर शोधून पकडणारा. फायरवॉल म्हणजे दारावर बसलेला. कोण आला, कोण गेला, विचारल्याशिवाय सोडत नाही."

"मग दारावरचा आधी बसवा. आमच्याकडं त्याचीच उणीव आहे," असं म्हणून त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. मयूर पोहे खाता खाता हसला.

त्यानं आपल्याजवळची सीडी घालून दोन्ही बसवली. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं कुलूप दिसायला लागलं. जाताना सांगून गेला, "मामा, आता दुसरं कुणाचं काही घालू नका. एका मशीनमध्ये दोन असले की भांडतात." मास्तर म्हणाले, "हो हो."

दोन दिवसांनी संध्याकाळी श्रीहरी आला. हातात सीडी, कोऱ्या पाकिटात.

"सर, ऐकलं तुमच्याकडं व्हायरस आलाय. हे खास तुमच्यासाठी आणलंय. आम्ही क्लासमध्ये तीन-चार वापरून बघितली, शेवटी हेच घेतलं. मयूरच्या दुकानात मिळतं ते बिडरी, ते सोडा. ते मशीन बैलगाडी करून टाकतं."

इथं एवढंच म्हणायचं होतं की बाबा, मयूर परवाच येऊन घालून गेला. एक वाक्य. मास्तरांच्या ते जिभेपर्यंत आलंही. पण श्रीहरी घामाघूम होऊन उकाड्यातून आलेला, चेहऱ्यावर काहीतरी चांगलं केल्याचा आनंद. त्याला त्या क्षणी कसं सांगायचं?

"बसा, लगेच घालून देतो," म्हणून श्रीहरी खुर्ची ओढायला लागला. चालू केलं की कोपऱ्यातलं हिरवं कुलूप त्याला दिसणार.

"नको नको," मास्तर म्हणाले. "दुपारभर चालू होतं, तापलंय. मी घालीन की उद्या. तू शिकवलंयस तेवढं येतं मला. चहा घे."

जयलक्ष्मीबाई दारातून बघत होत्या. यंत्र दुपारभर बंद होतं हे त्यांना माहीत होतं. त्या चहा ठेवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मास्तर सीडी घेऊन बसले. पडद्यावर चौकट आली. या यंत्रात आधीच एक राखणदार आहे, त्याला काढून टाकावं असा आमचा सल्ला आहे. खाली दोन बटणं. काढून पुढं जा, न काढता पुढं जा.

"काय विचारतंय?" जयलक्ष्मीबाई मागं येऊन उभ्या होत्या.

"पहिला ठेवायचा की काढायचा, म्हणतंय."

"मग? एकच काय ते ठरवा की. मयूरचा ठेवा, नाहीतर श्रीहरीचा ठेवा. पण एक."

"शनिवारी मयूर जेवायला येणार. त्यानं कोपऱ्यात बघितलं आणि त्याचं कुलूप नसलं तर?"

"तर सांगा, काढलं म्हणून."

"वाईट वाटेल गं त्याला. आणि श्रीहरीचं घातलं नाही तर तो रोज या रस्त्यानं जातो."

"अहो, त्या दोघांना विचारून आपण संसार करतो का?" एवढं बोलून त्यांना दम लागला. त्या थांबल्या, गळ्याशी हात नेला. मग हळूच म्हणाल्या, "त्यात माझी गाणी आहेत. एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

"म्हणून तर दोन घालतोय," मास्तर म्हणाले. "एकाला डुलकी लागली तर दुसरा जागा."

आणि त्यांनी न काढता पुढं जायचं बटण दाबलं. कोपऱ्यात हिरव्या कुलपाच्या शेजारी एक लाल दिवा आला. मास्तरांना बरं वाटलं. दोघांचं मन राहिलं होतं.

पहिले दोन-चार दिवस गंमतच झाली. हिरवं कुलूप विचारायचं, या लाल दिव्याला बाहेर जाऊ द्यायचं का? लाल दिवा विचारायचा, या हिरव्या कुलपाला आत येऊ द्यायचं का? मास्तर दोघांनाही 'हो' म्हणायचे. मग कुलपानं दिव्याची एक फाइल चोर म्हणून पकडली. दिव्यानं ती कुलपाच्या हातात बघून कुलपालाच चोर ठरवलं. प्रत्येक वेळी चौकट यायची, प्रत्येक वेळी मास्तर दोघांची समजूत काढायचे, शाळेत मागच्या बाकावरच्या दोन पोरांची काढावी तशी. यंत्र चालू व्हायला इतका वेळ लागायला लागला की मास्तर बटण दाबून आंघोळीला जायचे. शनिवारी मयूर जेवायला आला तेव्हा मास्तरांनी कॉम्प्युटरवर धूळ बसते म्हणून चादर घातली होती. श्रीहरी आला की फोन बिघडल्यामुळं इंटरनेट बंद आहे असं सांगितलं. घरात कधी खोटं न बोललेला माणूस, पण तेवढा महिना रोज काही ना काही रचून सांगत होता.

आषाढात एका सकाळी यंत्र अर्ध्यात अडकलं. निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि पुढं काही नाही. बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. पिवळं पाकीट दिसेना.

मयूरला बोलवावं तर तो लाल दिवा बघणार. श्रीहरीला बोलवावं तर तो हिरवं कुलूप बघणार. मास्तर छत्री घेऊन लाइन बझारात गेले आणि तिथल्या एका दुरुस्तीवाल्याला घेऊन आले. दत्तात्रेय नावाचा, चाळिशीचा गृहस्थ, घाईत असलेला. आल्या आल्या त्यानं डबा उघडला, दोनदा चालू करून बघितला.

"दोन-दोन घातलेत होय? मग असंच होणार. सी फॉरमॅट करून सगळं नव्यानं घालावं लागेल. सीमध्ये तुमचं काही आहे का?"

"माझं सगळं डीमध्ये," मास्तर म्हणाले. "माझ्या भाच्यानं तशी वाटणीच केलीय."

"नक्की? आता उघडून दाखवता येत नाही. पाहिजे असेल तर डिस्क काढून दुकानात नेतो, दुसऱ्या मशीनला लावून बघतो, उद्या आणून देतो."

आतून जयलक्ष्मीबाईंनी विचारलं, "गाणी नीट आहेत ना हो?"

मास्तरांनी पिवळं पाकीट डोळ्यांपुढं आणलं. ते समोर होतं, पडद्यावर. सीमध्ये नव्हतं, कारण सी मशीनचं घर. मग आपलंच ना ते, म्हणजे डीमध्येच असणार. पण नक्की? दत्तात्रेयनं घड्याळाकडं बघितलं. त्याला अजून दोन घरी जायचं होतं, बाहेर पाऊस, एवढ्या लांब आपण त्याला ओढत आणलं. आता पुन्हा डिस्क घेऊन जा, उद्या परत ये, असं कसं म्हणायचं?

"आहेत, आहेत," मास्तर म्हणाले. आत बायकोला आणि बाहेर दत्तात्रेयला, दोघांना एकच उत्तर.

दुपारपर्यंत यंत्र नव्यासारखं झालं. दत्तात्रेय चहा पिऊन गेला. मास्तरांनी डी उघडलं. त्यांची शाळेची पत्रं होती, मेधाच्या लग्नाचे फोटो होते, नकाशे होते. सगळं होतं. पडदा समोर स्वच्छ होता, डोंगर आणि हिरवं माळरान. पिवळं पाकीट नव्हतं.

पडद्यावर समोर मांडलेलं सगळं सीच्याच पोटात असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मास्तरांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. श्रावणातले शुक्रवार आले. जयलक्ष्मीबाई देवीपुढं पुरण ठेवायच्या, हात जोडून ओठ हलवायच्या, आवाज नाही. मास्तर बाहेरच्या खोलीत बसायचे. आतून सूर येणार नाही हे माहीत असून कान तिकडंच. दर शुक्रवारी ठरवायचे, आज सांगायचं. आणि त्या आरती घेऊन बाहेर यायच्या, तबक पुढं करायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मास्तरांना पुन्हा तेच व्हायचं. आत्ता नको, वाईट वाटेल.

घटस्थापनेच्या संध्याकाळी जयलक्ष्मीबाईंनी घटाशेजारची समई लावली, हिरवं पातळ नेसल्या आणि कॉम्प्युटरपुढं पाट मांडून त्यावर लक्ष्मीची मूर्ती बसवली. आपण शेजारी बसल्या.

"लावा आता," म्हणाल्या.

मास्तर खुर्चीवर बसले नाहीत. तिथंच त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"जया, गाणी गेली."

त्यांनी सगळं सांगितलं, कुलूप, दिवा, दत्तात्रेय. काही राखून ठेवलं नाही. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं.

"केव्हा?"

"आषाढात."

"म्हणजे श्रावणभर तुम्हाला माहीत होतं."

"हो."

मग त्या फाटक्या आवाजात, थांबत थांबत म्हणाल्या, "मयूरचं मन राखलंत. श्रीहरीचं राखलंत. त्या दुरुस्तीवाल्याचंसुद्धा राखलंत, ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दम लागला म्हणून की नको वाटलं म्हणून, मास्तरांना कळलं नाही. त्या उठल्या, मूर्ती उचलून परत देव्हाऱ्यात नेऊन बसवली.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी मयूरला आणि श्रीहरीला फोन केले. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांना एकाच वेळी घरी बोलावलं. डबा हुबळीला नेला. दोघांनी दुकानात खांद्याला खांदा लावून पुसलेलं परत काढायची सगळी सॉफ्टवेअर लावून बघितली. काही फाइलींची नावं परत आली. उघडल्यावर आतून नुसती खरखर. त्या जागेवर नवं काहीतरी लिहिलं गेलं होतं, मयूर म्हणाला, आता तिथं पहिलं काही उरलेलं नाही.

"पण मामा, तुम्ही मला एकदा सांगायचं की, श्रीहरीचं घालायचंय म्हणून. मी माझं काढून दिलं असतं. त्यात काय वाईट वाटायचं?"

श्रीहरी मान खाली घालून म्हणाला, "सर, मला तर मयूरचं आहे हे माहीत असतं तर मी आणलंच नसतं."

दोघांपैकी कुणालाच वाईट वाटणार नव्हतं. मास्तर हुबळीहून बसनं परत येताना हेच धरून बसले होते. ज्याला जपायला एवढं केलं, ते जपायची गरजच नव्हती. आणि जे एकच जपायचं होतं, ते जिनं मागितलं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. एकच काय ते ठरवा.

घरात अबोला वगैरे झाला नाही. जयलक्ष्मीबाईंचा स्वभाव तो नव्हता. चहा वेळेवर, जेवण वेळेवर. मयूर आला तर त्याला पोहे. फक्त मास्तर काही विचारायचे, आज भाजी कुठली आणू, तर त्या म्हणायच्या, "तुम्हाला बरी वाटेल ती." पूर्वी त्या नाव घेऊन सांगायच्या.

पुढच्या वर्षी मेधाला मुलगी झाली. बारसं धारवाडलाच करायचं ठरलं. मेधा म्हणाली, "आई, आजीचा पाळणा मी म्हणते. मला शिकव."

शब्द जयलक्ष्मीबाईंना पाठ होते. त्या एक एक ओळ सांगायच्या आणि मेधा लिहून घ्यायची. पण चाल? चाल तोंडानं सांगता येत नाही. मेधानं लहानपणी ऐकलेलं पहिलं कडवं तिला थोडंफार आठवत होतं, पुढं काय होतं ते नाही. कडव्यागणिक चाल वळायची, कन्नड ओळ आली की खाली उतरायची.

मास्तर दारात उभे होते. "मला येतं," ते म्हणाले.

दोघी त्यांच्याकडं बघायला लागल्या.

"म्हणजे, ऐकलंय मी. इतकी वर्षं बाहेर बसून ऐकतच होतो."

ते आत येऊन बसले. आयुष्यात देवाची आरती सोडून काही न म्हटलेला माणूस, डोळे मिटून पाळणा म्हणायला लागला. पहिलं कडवं बरोबर लागलं. मेधाच्या चेहऱ्यावर हसू आलं. दुसऱ्याला अडखळले. जयलक्ष्मीबाईंनी हात वर केला, म्हणजे वर न्या. त्यांनी वर नेलं. हात हलला, एवढं नाही. मग हळूहळू खाली. मास्तर त्या हाताकडं बघून गात होते. कन्नड ओळीला आले आणि तिथं त्यांना काहीच आठवेना. दारापलीकडून ऐकताना कधी भांडं वाजलं असेल, कधी वह्यांत लक्ष गेलं असेल. त्यांनी एक चाल लावून बघितली. जयलक्ष्मीबाईंनी मान हलवली, नाही. दुसरी लावली. नाही. त्यांनी ओठ उघडले, सूर लावायला गेल्या, घशातून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा हातानं दाखवलं. मास्तरांनी तिसऱ्यांदा म्हटलं, चौथ्यांदा म्हटलं. कपाळावर घाम आला. मेधा म्हणाली, "अप्पा, थोडं पाणी घ्या."

"थांब," ते म्हणाले आणि पुन्हा एकदा म्हटलं.

जयलक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हं. असंच होतं ते."

मेधानं लगेच तसंच म्हणून बघितलं, पुन्हा पुन्हा, पाठ व्हावं म्हणून. बारशाला तिनं तसंच म्हटलं आणि बायकांनी डोळे पुसले.

पण मास्तरांना माहीत होतं, ते तसं नव्हतं. समोरच्याचं मन राखायला 'हो' म्हणताना आवाज कसा होतो, ते त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ओळखू येणार होतं?